एथिक्सचा पेपर पहिल्यांदा देताय? आधी प्रसंग गाठा, व्याख्या नंतर

नीतिशास्त्र म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, एक म्हणजे शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास ज्यात बाई दुसऱ्याच विषयाच्या वह्या तपासत बसायच्या, आणि दुसरी म्हणजे परिपाठाला फळ्यावर लिहिलेला सुविचार. मीपण त्याच समजुतीत यूपीएससीच्या मेन्सला बसलो होतो. इतिहास-भूगोलासाठी रात्री जागवल्या आणि जीएस फोरला, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या चौथ्या, एथिक्सच्या पेपरला, शेवटचे आठ दिवस ठेवले, कारण अभ्यासिकेत सगळे म्हणायचे की अरे एथिक्सला काय वाचायचंय, कॉमन सेन्स आहे, जायचं आणि लिहायचं. लिहिलं. मार्क आले तेव्हा चारही जीएसमध्ये सगळ्यात कमी त्यालाच होते. दुसऱ्या वेळी बरे आले, यादीत नाव मात्र दोन्ही वेळा आलं नाही, आणि आता मी एका तहसील कचेरीत महसूल सहायक आहे, म्हणजे तेव्हा वहीत पाठ केलेले शब्द आता रोज टेबलासमोर येऊन उभे राहतात.

हे आत्ता लिहायचं कारण असं की एमपीएससीची राज्यसेवा मेन्सपण २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि त्यात हाच पेपर २५० मार्कांचा आलाय. इतकी वर्षं चार पर्यायांतून गोल काळे करायची सवय असलेल्या पोरांना आता 'सचोटी म्हणजे काय ते उदाहरणासह लिहा' असं विचारलं की पेन अडकतं. ज्यांना परीक्षा द्यायची नाहीये पण पहिली नोकरी लागलीये त्यांनापण यातलं बरंचसं कामाला येईल, विशेषतः पाचवी आणि सहावी पायरी, बाकीचं सोडून दिलंत तरी चालेल.

आधी सामान गोळा करा

फार काही लागत नाही. सिलॅबसची प्रिंट, दोनशे पानी एक वही, काळं पेन. यूपीएससीचे २०१३ पासूनचे जीएस फोरचे पेपर (हा पेपर सुरूच त्या वर्षी झाला, त्यामुळे त्याआधीचे शोधत बसू नका). राज्यघटनेची उद्देशिका आणि कलम ५१ क मधली मूलभूत कर्तव्यं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९, जे वाचायला कंटाळवाणे आहेत पण छोटे आहेत. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचा २००७ चा चौथा अहवाल, जो शासनातल्या नैतिकतेवरच आहे, तो अख्खा नाही वाचला तरी शिफारशींचा भाग वाचा. आणि शेवटचं म्हणजे एक असा मित्र किंवा मैत्रीण जी तुमच्याशी वाद घालेल. माझा रूम पार्टनर इंजिनियर होता आणि माझ्या प्रत्येक उत्तरावर 'पण का?' विचारायचा, डोकं उठायचं, पण टेस्ट सिरीजच्या शेऱ्यांपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला.

क्लासच्या जाडजूड नोट्स यादीत नाहीत हे लक्षात आलं असेल. विकत घेतल्या असतील तर राहू द्या, तिसऱ्या पायरीनंतर उघडा.

१. सिलॅबस हाताने लिहून काढा

प्रिंट भिंतीला चिकटवून काही होत नाही, आमच्या रूममध्ये तीन वर्षं चिकटलेली होती आणि तिच्यावर दुधाचा हिशोब लिहिलेला होता. एकदा बसून अख्खा सिलॅबस स्वतःच्या अक्षरात उतरवा आणि प्रत्येक शब्दापुढे दोन बोटं जागा सोडा. अभिवृत्ती, अभियोग्यता, भावनिक बुद्धिमत्ता, निःपक्षपातीपणा, पक्षनिरपेक्षता, वस्तुनिष्ठता, समानुभूती, उत्तरदायित्व, असे शब्द येतील. यातले निम्मे शब्द आपण घरी आयुष्यात कधी वापरलेले नसतात, भीती तिथूनच सुरू होते. म्हणून प्रत्येकासमोर घरचा शब्द लिहायचा. अभिवृत्ती म्हणजे मनाचा कल. अभियोग्यता म्हणजे एखाद्या कामाचं अंग असणं. आमची आजी एखाद्या पोराबद्दल म्हणायची ना, याला हिशोबाचं अंग आहे, तेच ते. उत्तरदायित्व म्हणजे जाब द्यावा लागणं. एकदा घरचा शब्द सापडला की पुस्तकी शब्द परका वाटत नाही.

पेपरचा सांगाडा पण इथेच डोक्यात बसवा. यूपीएससीत दोन भाग असतात, पहिल्यात छोटे प्रश्न, दहा मार्कांना दीडशे शब्द, असे एकशे तीस मार्क, आणि दुसऱ्यात सहा केस स्टडी वीस-वीस मार्कांच्या. म्हणजे जवळजवळ निम्मा पेपर गोष्टींचा आहे.

२. प्रसंगवही सुरू करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळे हीच गाळतात, मीपण पहिल्या वेळी गाळली होती. रोज एक प्रसंग लिहायचा, आजचा, स्वतःचा किंवा डोळ्यासमोर घडलेला. कुणाचं नाव नको. काय झालं, मी काय केलं, आणि तेव्हा मनात नेमकं काय म्हणालो, एवढंच. शेवटची ओळ सगळ्यात कामाची.

माझ्या वहीतलं पहिलं पान सांगतो. सदाशिव पेठेत आमची मेस होती, महिन्याला साठ कुपनांचं पुस्तक. खिडकीतून काकू ताट द्यायच्या आणि कुपन फाडून पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. एकदा प्रिलिमच्या आधी तुफान गर्दी होती आणि सलग दोन दिवस माझं कुपन फाडायचं राहिलं. माझ्या हातात पुस्तक होतं, काकूंनी ताट दिलं, मागच्याने धक्का दिला, मी पुढे सरकलो. त्या वेळी एका जेवणाचे सत्तर रुपये म्हणजे एकशे चाळीस रुपये वाचले. मनात काय म्हणालो ते त्याच रात्री लिहिलं होतं, ते जसंच्या तसं देतो: 'लक्ष ठेवायचं काम त्यांचं आहे. आणि तसंही आमटीत पाणीच असतं.'

बघा, दोन वाक्यांत दोन सबबी आहेत. एकीत जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली, दुसरीत समोरच्याला आधीच चोर ठरवून टाकलं म्हणजे आपलं उरलंसुरलं ओझं पण गेलं. महिनाभर वही लिहिली की कळतं आपल्या सबबी अगदी ठरलेल्या आहेत. सगळेच करतात. कुणाचं काय बिघडलं. मी नाही घेतलं तर दुसरा घेईल. वरूनच तसं सांगितलंय. नंतर केस स्टडी वाचताना त्यातल्या माणसाच्या तोंडी पण ह्याच सबबी वेगवेगळे कपडे घालून येतात आणि तुम्ही त्या लांबून ओळखता.

सापळा: वहीत फक्त दुसऱ्यांच्या चुका लिहायच्या. पोलिसाने पावती न फाडता पैसे घेतले, नेत्याने असं केलं, डॉक्टरने तसं केलं. असल्या पानांचा काही उपयोग होत नाही, फक्त चिडचिड होते. निदान निम्मे प्रसंग असे हवेत की ते पान मित्राला दाखवायला तुम्हाला लाज वाटेल. घरभाड्याच्या खोट्या पावत्या जोडून टॅक्स वाचवला ते लिहा. अभ्यासिकेत सकाळी सहाला दुसऱ्याच्या खुर्चीवर पुस्तक ठेवून जागा अडवली ते लिहा. आणि एक जरा टोचणारं सांगतो, नॉन क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएससाठी घरचं उत्पन्न कमी दाखवून दाखला काढायचा आणि मग त्याच दाखल्याच्या जोरावर हॉलमध्ये बसून सचोटीवर दीडशे शब्द लिहायचे, हे आपल्यात किती सहज चालतं. ते कागद आता माझ्या टेबलावरून जातात म्हणून माहितीये.

३. जुळे शब्द वेगळे करा

परीक्षक इथेच मार्क कापतो. एकसारखे दिसणारे शब्द आपण एकाच अर्थाने वापरत असतो. मी फक्त जिथे मी स्वतः आपटलो तेवढ्याच जोड्या सांगतो, बाकीच्या तुम्ही वहीत करा.

प्रामाणिकपणा आणि सचोटी. ब्रिटनमध्ये नोलन समितीने १९९५ साली सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं दिली, निःस्वार्थपणा, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. या यादीत सचोटी आणि प्रामाणिकपणा दोन्ही वेगवेगळे आहेत हे मला दुसऱ्या वर्षी लक्षात आलं, पहिल्या वर्षी मी पाठ करताना दोन्ही एकच समजून सहाच तत्त्वं लिहिली होती. प्रामाणिकपणा म्हणजे खरं बोलणं, खरं दाखवणं. सचोटी म्हणजे कुणी बघत असो नसो, फायदा असो तोटा असो, माणूस सगळीकडे तोच असणं, आणि दुसऱ्याच्या मिंधेपणात स्वतःला न अडकवणं. 'हो मी पैसे घेतो' असं चारचौघांत उघड सांगणारा कारकून मी बघितलाय, बोलण्यात प्रामाणिक होता म्हणा.

निःपक्षपातीपणा आणि पक्षनिरपेक्षता. पहिला शब्द लोकांशी वागण्याचा आहे, जात, गाव, ओळख न बघता रांगेतल्या प्रत्येकाला तोच नियम. दुसरा शब्द राजकीय पक्षाशी नात्याचा, सरकार कुठलंही येवो, काम त्याच तळमळीने करायचं. माणूस एक असून दुसरा नसू शकतो. एखादा अधिकारी कुठल्याच पक्षाचा नसतो पण आपल्या तालुक्यातल्या माणसाची फाईल आधी काढतो.

सहानुभूती, समानुभूती आणि करुणा. हे मला पुस्तकातून कधीच कळलं नाही, कचेरीत कळलं. संजय गांधी निराधार योजनेच्या एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या आणि मशीनवर अंगठा उमटत नव्हता. आयुष्यभर शेतात आणि भांड्यांत हात, रेषाच राहिलेल्या नाहीत. मी 'अरेरे' म्हणालो आणि रिक्षाला पन्नास रुपये देऊ केले. ही झाली सहानुभूती, मला वाईट वाटलं आणि मी ते पन्नास रुपयांत मिटवलं. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या मॅडम उठल्या, आजींना खुर्ची दिली, ओल्या फडक्याने त्यांची बोटं पुसली आणि अंगठा सोडून एकेक बोट लावून बघायला लागल्या. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. त्यांना पैसे नको होते, पुन्हा एसटीने चाळीस किलोमीटर यायला लागू नये एवढंच हवं होतं, आणि ते ओळखणं म्हणजे समानुभूती. आणि दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी मशीनशेजारी वाटीभर पाणी आणि स्वच्छ फडकं कायमचं ठेवलं, त्याला मी करुणा म्हणेन, कारण ती एका आजीपुरती राहिली नाही.

कायदा आणि नीती ही जोडी सगळ्यांना येते असं वाटतं म्हणून फक्त एक वाक्य: कायदेशीर असून अनैतिक आणि बेकायदा असून नैतिक, अशी दोन्हीकडची एकेक उदाहरणं तयार ठेवा. १९३० चं मिठाचं उदाहरण सगळे देतात, द्यायला हरकत नाही, पण दुसऱ्या बाजूचं उदाहरण कुणाकडे नसतं.

४. विचारवंत पाठ करू नका, त्यांना कामाला लावा

इथे पोरं महिना घालवतात. कान्ट, मिल, अ‍ॅरिस्टॉटल, रॉल्स, गांधी, आंबेडकर, फुले, विवेकानंद, प्रत्येकाचे पाच कोट पाठ, आणि मग उत्तरात कुठेही कुठलाही चिकटवायचा. त्यापेक्षा वहीतला एकच प्रसंग घ्या आणि प्रत्येकाला त्यावर बसवा.

मेसचं कुपन घेऊ. जर्मन विचारवंत कान्ट विचारेल, तू जे केलंस तो सगळ्यांचा नियम झाला तर चालेल का? साठ पोरांनी गर्दीत कुपन न फाडता ताट घेतलं तर पुढच्या महिन्यात मेस बंद, आणि मेस बंद झाली की फसवायला पण कुणी उरत नाही, म्हणजे हा नियम स्वतःच्याच पायावर उभा राहत नाही. शिवाय काकूंना मी फक्त फुकट जेवणाचं साधन केलं. उपयुक्ततावादी मिल आणि त्याच्या आधीचा बेंथॅम म्हणतील, परिणाम मोज, कुणाचं सुख किती वाढलं, कुणाचं किती घटलं. इथे गंमत होते, कारण एकशे चाळीस रुपये मला त्या महिन्यात खरंच मोठे होते आणि काकूंना कदाचित कळलेही नसते, म्हणजे नुसता हिशोब केला तर माझी बाजू थोडी वर येते. उपयुक्ततावादाची मर्यादा परीक्षेत विचारतात ना, ती ही. अ‍ॅरिस्टॉटल कुपनाकडे बघणारच नाही, तो विचारेल की असं दहादा केल्यावर तू कोण होशील, कारण त्याच्या मते सद्गुण सवयीने येतो आणि दुर्गुणपण. रॉल्सने १९७१ मध्ये अज्ञानाचा पडदा मांडला, म्हणजे आपण खिडकीच्या आत असणार की बाहेर हेच ठाऊक नाही असं धरून नियम ठरवायचा. तसं धरलं तर कुपन फाडायचंच असं मी लगेच ठरवेन.

आपल्याकडचे लोक पण असेच वापरा. रामशास्त्री प्रभुणे प्रत्येक मराठी उत्तरपत्रिकेत असतात, शनिवारवाडा अभ्यासिकेपासून चालत दहा मिनिटांवर त्यामुळे आठवणारच. पण बहुतेक जण 'रामशास्त्री निःस्पृह होते' एवढंच लिहून सोडतात. त्यात खरं काय आहे ते बघा: १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आरोप ज्यांच्यावर ते राघोबादादा स्वतः गादीवर, आणि न्यायाधीश त्याच दरबारचा पगारी माणूस. वस्तुनिष्ठता म्हणजे पुरावा जिकडे जातो तिकडे जाणं, मग तो आपल्या धन्याच्या दारात गेला तरी. आणि नंतर ते पद सोडून पुण्याबाहेर गेले, म्हणजे किंमतही मोजली. आता हे उदाहरण सचोटीला, वस्तुनिष्ठतेला आणि हितसंबंधांच्या संघर्षाला, तिन्हीकडे चालतं.

बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण मिळवून वाचा. घटनात्मक नैतिकता, म्हणजे घटनेच्या तत्त्वांना धरून वागणं, माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असं त्यांनी त्यात मांडलंय. एमपीएससीला हा मुद्दा आज ना उद्या येणारच असं माझं मत आहे, मत म्हणून घ्या.

५. टेबलावरची पिशवी

नोकरीला नवीन लागलेल्यांनी इथून वाचलं तरी चालेल.

ऑगस्टमधली गोष्ट. एका शेतकऱ्याच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, तो मुदतीत निघाला, त्यात माझं विशेष काही नव्हतं. चार दिवसांनी काका मक्याच्या कणसांची पिशवी घेऊन आले. 'साहेब, पोरीचा नंबर लागला, घरची कणसं आहेत.' काम आधीच झालेलं, पैसे नाहीत, डोळ्यात पाणी. यात काय वाईट?

त्या दिवशी मी घेतली. घरी नेऊन भाजून खाल्ली, गोड होती. दुसऱ्या आठवड्यात रांगेतला एक माणूस मला म्हणाला, 'साहेब, आमच्याकडं कणसं नाहीत, शेंगा चालतील का?' तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटलं की इथे असं चालतं.

तेव्हापासून मी तीन प्रश्न ठरवलेत. ही वस्तू मला मिळाली की माझ्या खुर्चीला? मी उद्या बदलून गेलो तर हा माणूस हीच पिशवी माझ्या घरी आणेल का? आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला ही पिशवी दिसली तर त्याला काय वाटेल? तिसरा प्रश्न सगळ्यात कठीण. आता कुणी काही आणलं तर सगळ्यांसमोर सांगतो की काका, शिपायांपासून सगळ्यांना चहा आम्हीच पाजतो, तुम्ही पण घ्या, पिशवी घरी न्या. पहिल्यांदा माणूस दुखावतो, म्हणून आवाज मऊ ठेवायचा, नियम ऐकवायचे नाहीत. भेटवस्तूंबद्दल वर्तणूक नियमांत स्वतंत्र तरतूद आहे आणि मूल्याच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात, त्यामुळे चालू मर्यादा आस्थापना शाखेत विचारून घ्या.

लाचेचं वेगळं. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा, त्यात २०१८ ला दुरुस्ती झाली आणि देणाराही गुन्हेगार ठरला. पण कुणी जबरदस्तीने द्यायला लावली असेल तर सात दिवसांत तक्रार केली की देणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. हे उत्तरात लिहा आणि घरच्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह पण करून द्या.

हितसंबंधांचा संघर्ष हा शब्द लोकांना भ्रष्टाचाराचा भाऊ वाटतो, तसा तो नाही. माझ्या मावसभावाचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं तर त्यात माझा काही दोष नाही, गाव तेवढंच आहे, नाती येणारच. दोष तेव्हा सुरू होतो जेव्हा मी ते कुणाला सांगत नाही. चार ओळींची टिप्पणी लिहायची, अर्जदार माझे नातेवाईक असल्याने प्रकरण दुसऱ्या सहायकाकडे द्यावे ही विनंती, आणि फाईल वर पाठवायची. पाच मिनिटांचं काम आहे. मावशी मात्र दोन महिने बोलली नाही.

६. 'साहेबांनी तोंडी सांगितलंय'

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो. वरिष्ठांचा आदेश सहसा लेखी असावा, आणि तोंडी दिला असेल तर नंतर लेखी पुष्टी घ्यावी, हे वर्तणूक नियमांतलंच तत्त्व आहे. पण साहेबांना तोंडावर 'लेखी द्या' म्हणणं म्हणजे भांडणच. करायचं काय, तर टिप्पणीत सरळ लिहायचं, 'मा. महोदयांनी आज दिलेल्या निर्देशानुसार सादर' आणि तारीख घालून त्यांच्याच सहीला ठेवायचं. आदेश बरोबर असेल तर सही होते. नसेल तर फाईल दोन दिवस पडून राहते आणि मग विषयच निघत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे आवाज उठवणं, आणि तिथे मी कुणालाही शूर व्हायला सांगणार नाही. सत्येंद्र दुबे यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, आयआयटी कानपूरचे इंजिनियर, सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, नाव गुप्त राहिलं नाही आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गया इथे त्यांचा खून झाला. उत्तरात हे उदाहरण देताना फक्त 'धैर्य' लिहून थांबू नका. त्यांच्यात धैर्य होतंच, यंत्रणेने गोपनीयता पाळली नाही हा मुद्दा आहे. जागल्यांच्या, म्हणजे असा गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०१४ मध्ये मंजूर झाला.

७. केस स्टडी कशी सोडवायची

एक बनवलेली केस घेऊ. तुम्ही नवीन नायब तहसीलदार आहात. अतिवृष्टीने सोयाबीन गेलं, पंचनाम्यांची यादी आज रात्री वर पाठवायची. एका गावच्या यादीत बारा नावं अशी आहेत ज्यांच्या शेतात पाणीच शिरलं नाही, आणि तलाठी सांगतो की नावं एका वजनदार माणसाने घालायला लावली. त्याच गावात एक बटाईने शेती करणारी विधवा बाई आहे जिचं सगळं पीक वाहून गेलं, पण सातबारावर नाव मालकाचं, म्हणून ती यादीत नाही. काय कराल?

पहिल्या वेळी मी असल्या केसला लगेच लिहायचो की मी कोणत्याही दबावाला बळी पडणार नाही, दोषींवर कठोर कारवाई करेन. वाचायला सिनेमा वाटतो. तलाठ्यावर कारवाई, नेत्यावर गुन्हा, यादी रद्द, आणि गावातल्या उरलेल्या तीनशे खऱ्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले त्याचं काय?

आधी कोण कोण गुंतलंय ते लिहा: खरे नुकसानग्रस्त, ती बाई, जमीनमालक, तलाठी (तो गावातच राहतो, त्याची पोरं गावच्या शाळेत जातात, हे विसरू नका), सरकारी तिजोरी, तुम्ही स्वतः. मग पेच कुठे आहे ते एका वाक्यात. इथे खरं तर दोन आहेत आणि ते उलट्या दिशेचे आहेत: बारा नावांच्या बाबतीत कागदावर सगळं आहे पण खरं नाही, बाईच्या बाबतीत खरं आहे पण कागद नाही. हे ज्याला दिसलं त्याचं अर्धं उत्तर झालं.

मग पर्याय, प्रत्येकाचा फायदा आणि किंमत. सगळी यादी सही करून पाठवा, वेळ पाळली जाते पण खोट्यावर तुमची सही. सगळी अडवा, हात स्वच्छ राहतात पण खऱ्यांवर अन्याय. तिसरा, निर्विवाद नावं आजच पाठवा, बारा नावं 'फेरपडताळणी' म्हणून वेगळी काढा, प्रांतांना (उपविभागीय अधिकाऱ्यांना) तसं लेखी कळवा, उद्या दुसऱ्या गावच्या तलाठ्याला आणि कृषी सहायकाला बरोबर घेऊन फोटोसह पुन्हा पंचनामा करा आणि यादीचं चावडीवाचन लावा. चावडीवाचन हे जुनं हत्यार आहे, गावासमोर नाव मोठ्याने वाचलं की कोरड्या शेताचा माणूस स्वतःच मान खाली घालतो, आणि तलाठ्यावरचा दबावही कमी होतो कारण नाव त्याने काढलं असं राहत नाही. बाईसाठी नियम वाकवता येणार नाही, तो वाकवला तर मग बारा जणांना कुठल्या तोंडाने अडवणार. पण मालकाला बोलावून मदतीतला वाटा तिला मिळेल असं गावकऱ्यांसमोर ठरवता येतं, ती निराधार योजनेत बसते का ते त्याच दिवशी बघता येतं, आणि बटाईदार असे कायम वगळले जातात हे वर लेखी कळवता येतं.

सापळा: प्रत्येक उत्तरात 'समिती नेमेन', 'जनजागृती करेन', 'कार्यशाळा घेईन'. यादी आज रात्री जायचीये, कार्यशाळा कधी घेणार?

दुसरा सापळा: स्वतःला सर्वशक्तिमान समजणं. केसमध्ये तुमचं पद काय दिलंय ते दोनदा वाचा. नायब तहसीलदार कुणाला निलंबित करू शकत नाही.

८. हॉलमध्ये

यूपीएससीला उत्तरं मराठीत लिहिता येतात पण प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापलेली असते, त्यामुळे पारिभाषिक शब्दांच्या जोड्या दोन्हीकडून तयार हव्यात. हिंदीतला 'सत्यनिष्ठा' हा शब्द बघून मी पहिल्या वर्षी सत्य बोलण्यावर पानभर लिहिलं होतं, विचारली होती सचोटी. राज्यसेवेचा पेपर मराठी आणि इंग्रजीत असतो, तिथे ही अडचण नाही, तरी शंका आली तर इंग्रजी ओळ बघून घ्या.

वेळ: मी केस स्टडी आधी घ्यायचो, प्रत्येकी साधारण पंधरा मिनिटं, म्हणजे दीड तास. उरलेल्या दीड तासात तेरा छोटे, प्रत्येकी सहा-सात मिनिटं. काही जण उलटं करतात आणि त्यांनाही जमतं, पण जे करायचं ते घरी घड्याळ लावून चार-पाच अख्खे पेपर लिहून ठरवा, हॉलमध्ये नाही. छोट्या प्रश्नात पहिल्या दोन ओळींत अर्थ, मग लगेच प्रसंग. प्रसंग वहीतला असेल तर तीन ओळींत मावतो, कारण तो तुम्ही आधी लिहिलेला असतो. मेसचं कुपन मी दुसऱ्या वेळी सदसद्विवेकबुद्धीच्या प्रश्नाला लिहिलं, 'एका विद्यार्थ्याने' असं करून.

आणि उत्तराला जागा छापील आखून दिलेली असते, पुरवणी मिळत नाही, त्यामुळे अक्षर मोठं असेल तर आत्तापासून लहान करा.